बायोप्रोसेस इंजिनीअरिंगला केटी लागलेले कोणी आहेत का इथे? (मोठी पोस्ट आहे)

सुरंगी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काल सेम ५ चा निकाल लागला. बाकी सगळं निघालं, बायोप्रोसेसला केटी, म्हणजे विषय राहिला, पुन्हा परीक्षा. पासिंगला ९ मार्क कमी पडले. रिव्हॅल टाकणार नाही, कारण पेपर देऊन बाहेर पडले तेव्हाच मला कळलं होतं.

मी गुहागर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावच्या शाळेत, अकरावी-बारावी चिपळूणला. नीटच्या मागे लागून दोन वर्षं बायो आणि केमिस्ट्री घासली, गणित बोर्डात पास होण्यापुरतं केलं. मेडिकलला नंबर लागला नाही. बायोटेकला अॅडमिशन घेतली तेव्हा घरीदारी सगळे म्हणाले, बरं झालं, बायोच आहे, तुला सोपं जाईल. पहिली दोन वर्षं गेलंही सोपं. मायक्रोबायोलॉजीत मी वर्गात पहिल्या पाचात असायचे. मग सेम ५ ला हा विषय आला. पहिल्या लेक्चरला फळ्यावर जिवाणूचं नाव एकदाच लिहिलं गेलं आणि पुढचा तासभर नुसतं डीएक्स बाय डीटी.

मला जिवाणू कळतो. त्याला खायला काय लागतं, कुठल्या तापमानाला तो वाढतो, झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण त्याच्यासाठी २००० लिटरची टाकी करायची झाली तर ढवळणारा पंखा केवढा, मोटर किती ताकदीची, मिनिटाला हवा किती, गरम झालेली टाकी थंड ठेवायला पाणी किती, इथे आलं की माझं डोकं बंद पडतं. सर चुकीचं शिकवतात असं मी म्हणणार नाही. ते एवढंच धरून चालतात की डिफरन्शियल इक्वेशन सगळ्यांना येतं. वर्गातल्या निम्म्या मुलांना ते येत नाही आणि कोणी हात वर करत नाही. मीही केला नाही.

ऑक्टोबरमधला एक प्रसंग लिहिते, कारण तो डोक्यातून जात नाहीये. आमच्या लॅबमध्ये ५ लिटरचा एकच फर्मेंटर (जिवाणू, यीस्ट वाढवायची टाकी) आहे. चौघींच्या बॅचला तो वर्षातून एकदा मिळतो. यीस्ट वाढवायचं होतं. सकाळी मीडिया (यीस्टचं खाणं) भरून ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे प्रेशरखाली वाफेने निर्जंतुक, १२१ अंशाला २० मिनिटं. थंड होईपर्यंत दुपार झाली, इनॉक्युलम (यीस्टचं विरजण) टाकलं तेव्हा चार वाजलेले. दर तासाला सॅम्पल काढून ओडी घ्यायची (पाणी किती गढूळ झालं, त्यावरून यीस्ट किती वाढलं ते कळतं). रात्री साडेनऊपर्यंत आमचा आलेख असा देखणा चढत होता की आम्ही जेवायलासुद्धा गेलो नाही. परतीचा पाऊस, विजा सुरू झाल्या आणि लाईट गेली. जनरेटर फक्त ऑफिसच्या लाईनवर. ढवळणं बंद, हवा बंद. मोबाइलच्या उजेडात आम्ही काचेतून बघत होतो. गरगर फिरणारं ते दुधी पाणी हळूहळू थांबलं, बुडबुडे संपले, यीस्ट खाली बसायला लागलं. लाईट सव्वा तासाने आली. हवा एकदम सुरू झाली तसा फेस उसळला, अँटीफोम घालेपर्यंत एक्झॉस्ट फिल्टरला जाऊन भिडला. भिजलेल्या फिल्टरातून हवा जात नाही. रन सोडून द्यावा लागला. झाकण काढलं तर माडीसारखा वास आला.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी तेच काढलं. "लाईट गेल्यावर आतला ऑक्सिजन किती वेळात संपला असेल?" मी म्हटलं, पाऊण तासात वगैरे. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "गणित मांड." मला मांडता आलं नाही. अजूनही येत नाही.

केटी मे महिन्यात आहे. ज्यांनी हा विषय काढलाय त्यांनी कृपा करून सांगा, तुम्ही सुरुवात कुठून केली? आणि ज्यांचं बारावीचं गणित माझ्यासारखं होतं त्यांना पुढे झेपलं का? आई म्हणते सोडून बीएस्सी कर. बाबा काहीच बोलत नाहीत, त्याचा जास्त त्रास होतो.

करवंद | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

सुरंगी, +१. आमच्या वर्गात या विषयाला ६० पैकी ३४ जणांना केटी होती आणि त्यातली एक मी. आज रडून घे, आजच्या दिवस पुस्तक उघडू नकोस. मी दुसऱ्या खेपेला काढला. कसा ते संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता गाडी पकडायचीय.

भरतीओहोटी | १३ फेब्रुवारी, दुपारी १:५०

मी लोटे-परशुरामला एमआयडीसीत अकरा वर्षं काम करतोय, त्यातली आठ फर्मेंटेशनला. तुझ्या व्हायवाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. तो प्रश्न त्या सरांनी तुला अडवायला विचारलेला नाही. अख्ख्या विषयाचा गाभा त्यात आहे.

एक आकडा आयुष्यभर लक्षात ठेव. ३० अंशाच्या आसपास, साध्या हवेखाली, एक लिटर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो तो साधारण साडेसात मिलिग्रॅम. मिलिग्रॅम! साखर त्याच लिटरभर पाण्यात शेकडो ग्रॅम विरघळते. म्हणजे टाकीत खाणं आठवड्याचं भरून ठेवता येतं, श्वास मात्र क्षणाक्षणाला द्यावा लागतो.

आता तुमचं यीस्ट. सुक्या वजनाने लिटरमागे ५ ग्रॅम झालं होतं असं धर. एक ग्रॅम यीस्ट तासाला १०० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतं असं धर. गणित करण्यापुरते हे बरे आकडे आहेत. म्हणजे लिटरमागे तासाला ५०० मिलिग्रॅमची मागणी. शिल्लक साडेसात. साडेसात भागिले पाचशे, ०.०१५ तास. ३६०० ने गुण. ५४ सेकंद.

पाऊण तास नव्हे, पाऊण मिनिटाच्या जरा वर. लाईट गेली म्हणून तुम्ही मोबाइलची बॅटरी लावेपर्यंत आत ऑक्सिजन संपलेला होता. उरलेला सव्वा तास यीस्ट हवेशिवाय जगत होतं आणि हवेशिवाय यीस्ट जगतं ते दारू करून. माडीचा वास आला म्हणालीस ना? तुझ्या नाकाने उत्तर बरोबर दिलं होतं, कागदावर मांडायचं राहिलं.

यात डिफरन्शियल इक्वेशन कुठे आलं सांग बघू. एक भागाकार आणि एक गुणाकार. खरी अडचण ही की कुठला आकडा कशाने भागायचा हे सुचत नाही, आणि ते सुचतं एककं लिहिल्यावर. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही. मिलिग्रॅम प्रति लिटर, मिलिग्रॅम प्रति लिटर प्रति तास. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की वेळच उरते, दुसरं काही उरूच शकत नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला मी पहिले पंधरा दिवस एवढंच करायला लावतो.

आजोळ | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

चेडवा, माझ्या नातीक पण ह्योच विषय अडलेलो. आता ती नोकरी करता. काय्येक काळजी करू नको. बापूस बोलणा नाय म्हणजे तो रागावलो असा समजू नको. तेका काय बोलूचा ता सुचणा नाय. तूच जावन तेच्याकडे बस.

निवटी | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

सगळे धीर देताहेत, मला वेगळं म्हणायचंय. ह्या मुलीचं काहीही चुकलेलं नाही. नीटची तयारी केलेल्या मुलांना या कोर्सला घेता, फी घेता, आणि पहिल्या वर्षात गणिताचे दोन पेपर उरकून टाकता. त्या गणितात बायोचं एक उदाहरण नसतं. मग तिसऱ्या वर्षी म्हणता, तुम्हाला हे यायला हवं. ज्याला पोहता येत नाही त्याला खाडीत ढकलून काठावरून ओरडण्यासारखं आहे हे. सेम ४ ला महिनाभराचा गणिताचा वर्ग याच विषयाची उदाहरणं घेऊन झाला पाहिजे. आणि जनरेटर ऑफिसला आणि लॅबला नाही, हे वाचून तर मला संताप आला. वर्षातून एक रन मिळणार आणि तोही असा जाणार?

पागोळी | १३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

मी हा विषय शिकवते. सुरंगीच्या कॉलेजात नाही, पण ते निमित्त पुढे करत नाही, कारण निवटी यांनी लिहिलंय ते माझ्या वर्गालाही लागू आहे. कोणी हात वर करत नाही हे वाक्य मी तीनदा वाचलं. आम्ही समोरच्या बाकावरच्या चार मुलांच्या माना हलताना बघतो आणि पुढे जातो.

सुरंगी, मला तुझा पेपर दिसला असता तर बरं झालं असतं, पण न बघता सांगते, बहुधा तुझी सूत्रं पाठ असतील आणि बॅलन्स लिहिता येत नसेल. मुलं मोनोदचं समीकरण (खाणं किती आहे त्यावर जिवाणू किती वेगाने वाढतील ते सांगणारं) अगदी सुंदर लिहितात, म्यू बरोबर म्यू मॅक्स गुणिले एस भागिले केएस अधिक एस. त्याच्याखाली चित्र काढा म्हटलं की थांबतात. तू उलट कर. आधी टाकीचं चित्र काढ. आत येणारा नळ, बाहेर जाणारा नळ. मग मराठीत लिही: आत आलं, वजा बाहेर गेलं, अधिक आत तयार झालं, वजा आत खर्च झालं, बरोबर साठलं. हे वाक्य यीस्टसाठी लिही, साखरेसाठी लिही, ऑक्सिजनसाठी लिही, उष्णतेसाठी लिही. ज्याला तू डीएक्स बाय डीटी म्हणून घाबरतेस ते या वाक्यातलं "साठलं" आहे. तासाला किती साठलं, एवढाच त्याचा अर्थ.

केमोस्टॅटही याच वाक्यातून निघतो. टाकीत एका नळाने ताजं पाणी येतंय, दुसऱ्याने तेवढंच जातंय. जिवाणू ज्या वेगाने वाढतात त्याहून जास्त वेगाने पाणी काढलंस तर ते वाहून जाणार, टाकीत नुसतं पाणी उरणार. वॉशआउट म्हणतात तो हाच. पऱ्ह्याला पूर आला की शेवाळ धुऊन निघतं, उन्हाळ्यात पाणी मंद झालं की दगडावर धरतं. हे तू लहानपणापासून पाहिलेलं आहेस.

प्रॅक्टिकलबद्दल एक, कारण त्यावर हमखास मार्क जातात. एन्झाइमचा आलेख काढताना जर्नलमध्ये उलट आकड्यांचा, लाईनवीव्हर-बर्कचा काढायला सांगतात. १९३४ ची पद्धत आहे, कॉम्प्युटर नव्हते तेव्हा सरळ रेघ सोयीची होती. पण त्यात सगळ्यात कमी साखरेचा बिंदू, म्हणजे ज्याच्या मोजमापात सगळ्यात जास्त चूक होते तोच, उजवीकडे लांब जाऊन बसतो आणि अख्खी रेघ आपल्याकडे ओढतो. तुझं केएम (जेवढ्या साखरेला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं तो आकडा) वेडंवाकडं आलं असेल तर आधी तो बिंदू पुन्हा घे. व्हायवाला हे सांगितलंस तर समोरचा माणूस खूश होतो, मी तरी होते.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. एन्झाइमच्या वेगाच्या, १९१३ च्या ज्या मायकेलिस-मेंटेन समीकरणाने तुला छळलं त्यातली मेंटेन म्हणजे मॉड मेंटेन, कॅनडाची डॉक्टर बाई. आणि पेनिसिलिन. १९२८ ला फ्लेमिंगला बुरशी दिसली, पण पुढे कित्येक वर्षं ती उथळ भांड्यांत आणि बाटल्यांत पृष्ठभागावर वाढवावी लागायची, ऑक्सफर्डमध्ये तर रुग्णांची बेडपॅन वापरली. मोठ्या खोल टाकीत हवा सोडून, ढवळून ती वाढवता येऊ लागली तेव्हा कुठे औषध माणसांपर्यंत पोचलं. तसा पहिला व्यापारी कारखाना डिझाईन केला मार्गारेट हचिन्सन रूसो यांनी. १९३७ साली एमआयटीतून केमिकल इंजिनीअरिंगची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. बुरशी ओळखणारे पुष्कळ होते, तिला श्वास पुरवणारी टाकी बांधणारं माणूस हवं होतं. आपला विषय तो आहे.

सुरंगी | १४ फेब्रुवारी, पहाटे ५:४०

झोप आली नाही. भरतीओहोटी दादा, ते ५४ सेकंदांचं गणित मी वहीत चारदा केलं. यीस्ट २ ग्रॅम धरलं तर १३५ सेकंद येतात. बरोबर आहे ना? पागोळी मॅडम, "साठलं" वाचल्यावर खरंच काहीतरी सुटल्यासारखं झालं.

अजून एक सुचलं. माझ्या मामाची दाभोळच्या बाजूला खाडीला लागून कोळंबीची तळी आहेत, वेनामी जातीची करतो. पंखे असतात ना तळ्यात, पाणी उडवणारे. मामा रात्री दोनदा उठून ते बघतो. लहानपणी मला वाटायचं कोळंबीला गार वाटावं म्हणून लावतात. ते केएलए (हवेतला ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने जातो तो आकडा) आहे का?

भरतीओहोटी | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

दोन्ही बरोबर. आणि हो, तेच आहे! पंखा पाणी उडवतो म्हणजे पाण्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढवतो. केएलए मधला ए तो. ऑक्सिजन किती जाणार ते दोन गोष्टींवर: केएलए किती, आणि पाण्यात मावू शकतो त्यापेक्षा आत्ता किती कमी आहे. दोन्हींचा गुणाकार, झालं सूत्र. मामांना विचार, सगळ्यात जास्त भीती कुठल्या वेळेला असते.

सुरंगी | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

विचारायला नको, ठाऊक आहे. पहाटे चार ते सहा. तेव्हा कोळंबी कडेला वर येते, मामा टॉर्च मारून बघतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो खातं, म्हणून उजाडायच्या आधी सगळ्यात कमी. आत आलं, तयार झालं, खर्च झालं. अरे देवा.

करवंद | १४ फेब्रुवारी, रात्री ८:००

काल लिहिते म्हटलं आणि राहिलं, माफ कर. माझी पद्धत अगदी साधी होती. आधीच्या दहा पेपरांतली गणितं काढली, उत्तरं न बघता प्रत्येकाचं फक्त चित्र आणि एककं लिहायची, सोडवायचं नाही. तीन आठवडे तेवढंच. एनपीटीईएलवर (आयआयटीच्या ऑनलाइन कोर्सची साईट) या विषयाची लेक्चर्स फुकट आहेत, ती रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर रेंज मिळायची तिथे बसून डाउनलोड करायचे. दुसऱ्या महिन्यात सोडवायला घेतली. स्टरिलायझेशन (निर्जंतुक करणं) आणि स्केल-अप (छोट्या टाकीवरून मोठी करणं) या दोन गोष्टींवर प्रश्न येतोच, त्या सोडू नकोस.

रातांबा | १५ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

स्टरिलायझेशनचं मी सांगतो. इंजिनीअर नाही, आमचं रत्नागिरीजवळ आंब्याच्या कॅनिंगचं छोटं युनिट आहे आणि त्यासाठी अन्न प्रक्रियेचा कोर्स केलाय. या प्रकरणात मीही असाच अडकलो होतो.

मला कळत नव्हतं की काही डबे १२१ अंशाला प्रेशरखाली शिजवावे लागतात आणि आमचा आंब्याचा रस उकळत्या पाण्याच्या तापमानाला कसा टिकतो. फरक आंबटपणाचा आहे. पीएच ४.६ च्या खाली असला की डब्यातल्या विषबाधेचा तो भयंकर जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, वाढू शकत नाही. आंबा त्याच्या खाली असतो, कमी पडलं तर सायट्रिक अॅसिड घालतो. पण मासे, मटार, मशरूम यांना ती सोय नाही, तिथे त्याचे बीजाणू मारावेच लागतात. १२१ अंशाला ते दहात नऊ मरायला साधारण ०.२१ मिनिट लागतं. पुढच्या ०.२१ मिनिटात उरलेल्यातले दहात नऊ. असं बारा वेळा करायचं, म्हणून अडीच मिनिटं. आणि ही अडीच मिनिटं डब्याच्या मधोमध मिळाली पाहिजेत, बाहेरच्या पत्र्याला नव्हे, म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. लॉग डेथ म्हणून तुमच्या पुस्तकात जे असतं ते एवढंच.

स्केल-अपला मला देवळातला भंडारा आठवतो. घरचा दोन वाट्या भात उतरवला की दहा मिनिटांत कोमट होतो. पाचशे माणसांच्या टोपातला भात दोन तासांनी मधून हात भाजेल इतका गरम असतो, आणि झाकून ठेवला तर आंबतो. टोप प्रत्येक बाजूने दहापट केला तर आतला माल हजारपट होतो आणि बाहेरचा पत्रा शंभरपटच. तुमची टाकी मोठी झाली की थंड ठेवायला आत वेगळी नळी का घालावी लागते ते त्यामुळे.

शिंपला | १५ फेब्रुवारी, रात्री ९:४५

मी सोडलं होतं. कोणीतरी हेही लिहायला हवं म्हणून लिहितेय. सेम ६ नंतर घरी आले, बीएस्सी मायक्रो केलं, आता तालुक्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. माझं वाईट झालं नाही, काम आवडतं. पण मी सोडलं ते विषय आवडत नव्हता म्हणून नव्हे, कोणाला विचारायची लाज वाटली म्हणून. तू विचारलंस. त्यामुळे तुझी आणि माझी गोष्ट एक नाही. सोडायचं असेल तर मे ची परीक्षा देऊन मग सोड, आत्ता नको.

निवटी | १५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

शिंपला, मनापासून लिहिलंत. पटलं. माझं कॉलेजबद्दलचं म्हणणं मात्र मी मागे घेत नाही.

पागोळी | १५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

घेऊ नका. मी सोमवारी आमच्या विभागात सेम ४ च्या वर्गाचा विषय काढतेय.

सुरंगी | २१ एप्रिल, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. फॉर्म भरला. बीएस्सीचं आईला नाही म्हटलं. आजोळ, तुम्ही म्हणालात तसं बाबांच्या शेजारी जाऊन बसले होते. ते म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही गो, म्हणून गप्प होतो."

गेल्या आठवड्यात धोपाव्याहून फेरीबोटीने मामाकडे गेले. मामाकडे पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं मीटर आहे. तळ्यातले पंखे बंद करून बघू का विचारलं तर म्हणाला, "बाय, तीन महिन्यांचं पीक आहे, त्याला हात लावायचा नाही." मग आम्ही पडवीत बादलीत केलं. १५ लिटर पाणी, मूठभर गूळ, बेकरीतलं चमचाभर यीस्ट, आणि मामेभावाच्या माशांच्या टाकीचा छोटा पंप.

पंप बंद ठेवून बसलो. मामेभाऊ घड्याळ बघून ओरडायचा, मी मीटर वाचून वहीत लिहायचे. ६.४. ६.०. ५.७. आकडा खाली येताना दिसतो! दहा मिनिटांत २.८. म्हणजे मिनिटाला ०.३६. मग पंप लावला. आधी भरभर चढला, मग हळू, मग ३.४ ला येऊन अडला. पुढची पंधरा मिनिटं तिथेच. मी घाबरले, मीटर बिघडलं म्हणून. मग कळलं, पंप जेवढा देतोय तेवढा यीस्ट खातंय, "साठलं" शून्य झालंय. पडवीत एकटीच मोठ्याने बोलले बहुतेक, कारण मामी बाहेर आली.

त्या तापमानाला पाण्यात ७.७ मावतो. ७.७ वजा ३.४, ४.३. खर्च ०.३६ भागिले ४.३. उत्तर ०.०८४ आलं आणि मी पुन्हा निराश झाले, पुस्तकातल्या गणितांत असे आकडे कधी येत नाहीत. मग दादांनी सांगितलं तसं एकक लिहिलं. प्रति मिनिट. साठने गुणलं. तासाला ५. हा माझा पहिला केएलए, बादलीचा.

मामा तेवढ्यात तळ्यावरून आला. वही हातात घेऊन उभ्यानेच वाचली. म्हणाला, "हे बादलीचं झालं. आपल्या मोठ्या तळ्याला चार पंखे आहेत, पुढच्या पिकाला बी जास्त सोडायचंय. किती लागतील?"

तळं अर्ध्या हेक्टरचं, पाणी दीड मीटर. चित्र काढून झालंय, आत आलं आणि खर्च झालं लिहून झालंय. कोळंबी तासाला किती ऑक्सिजन घेते तो आकडा हवाय, आणि रात्रीच्या शेवाळाचा खर्च कसा धरायचा ते सुचत नाहीये. कोणी सांगेल का?

भरतीओहोटी | २१ एप्रिल, रात्री १०:३०

शेवाळाचा अंदाज मामांच्या मीटरवरूनच निघेल. सूर्य मावळताना आणि पहाटे चारला, दोन्ही वेळचे आकडे सलग तीन दिवस लिहून आण. पंखे किती वाजता सुरू केले तेही लिही. मग बसू.